डबल बेल आणि उद्याच्या गाडीचा डॅशबोर्ड

(धर्माबाद येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे बहुतेक तशीच ठेवली आहेत.)

मिरचीच्या हंगामात धर्माबादला व्याख्यान ठेवायचं म्हणजे वक्त्याच्या घशाची परीक्षाच असते. मध्येच ठसका लागला तर समजून घ्या.

आधी एक खुलासा. आज आम्ही सारखं 'आम्ही' म्हणणार आहोत, ते मोठेपणा मिरवायला नाही. टिपणं दोघांची आहेत, बोलायला एकच उभा राहिलाय. दोघांनीही पुण्यात काही वर्षं गाड्यांच्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवली. आमच्यातला एक इथलाच, दुसरा उदगीरकडचा. आज टीका करणार आहोत ती त्या धंद्यात हात काळे करून झालेल्यांची टीका आहे, एवढं ध्यानात असू द्या.

विषय कॉन्सेप्ट कारच्या डॅशबोर्डचा. कॉन्सेप्ट कार म्हणजे प्रदर्शनात मांडायला केलेली नमुन्याची गाडी. ती विकायची नसते, 'उद्या आम्ही असं काहीतरी करू' हे सांगायला असते. १९३८ ची ब्यूक वाय-जॉब ही पहिली कॉन्सेप्ट कार मानतात. जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लची ती करणी. मग कुणी विचारेल, जी गाडी रस्त्यावर येणारच नाही तिच्यावर धर्माबादला तासभर का बोलायचं? तर ती येते म्हणून. महिंद्रानं १५ ऑगस्ट २०२२ ला इंग्लंडमध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्यांचे नमुने दाखवले. त्यातल्या दोन २६ नोव्हेंबर २०२४ ला चेन्नईत विक्रीसाठी जाहीर झाल्या आणि त्या तयार होतात आपल्या चाकणला. मधे सव्वादोन वर्षं. म्हणजे प्रदर्शनातलं चित्र पोरगं बालवाडीतून पहिलीत जाईपर्यंत रस्त्यावर उतरतं. (त्यातली एक 'बीई ६ई' होती, पण इंडिगो विमान कंपनीनं '६ई' हे आमचं आहे म्हटल्यावर ती नुसती 'बीई ६' झाली. बाकी डॅशबोर्ड होता तसाच राहिला.)

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कॉन्सेप्ट कारमध्ये कंपनीवर नियमांचा, खर्चाचा, कारखान्याचा बोजा नसतो. तिथं ती मोकळेपणानं सांगते की गाडी चालवणारा माणूस म्हणून तिच्या डोळ्यांपुढं कोण आहे. तो माणूस कोण, हे आज आपल्याला तपासायचंय.

आता या गाड्यांच्या पडद्यावर प्रत्यक्षात काय असतं ते सांगतो. पुष्कळदा ती फिल्म असते. ॲनिमेशनमध्ये केलेली, फिरून फिरून लागणारी. डिकीत एक कॉम्प्युटर लपवलेला असतो आणि त्यावरून ती चालते. थोडं पुढचं काम असेल तर चार-पाच ठिकाणी बोट लावल्यावर पान बदलतं. यात फसवणूक नाही, नमुना हा नमुनाच असतो. पण या फिल्ममध्ये काय नसतं ते पाहा. आम्ही जेवढ्या कॉन्सेप्टच्या फिल्म पाहिल्या त्यांत बॅटरी कधी उतरलेली नसते. दार उघडं राहिल्याचा दिवा लागत नाही. फोन जोडलेलाच असतो. नकाशात रस्ता रिकामा असतो आणि बहुतेक समुद्राकडे जात असतो. चाक पंक्चर झालंय, मागं लेकरू रडतंय, समोरून बिनदिव्याची ट्रॉली येतेय, यातलं काहीच नाही. डॅशबोर्ड असतो तो अडचण सांगायला. ज्या डॅशबोर्डला सांगायला अडचणच नाही त्याला आम्ही डॅशबोर्ड म्हणत नाही. ते दिवाणखान्यातलं चित्र झालं.

आणि ही फिल्म बघतं कोण? उभा माणूस. प्रदर्शनात दोरीच्या पलीकडं थांबलेला, हातात मोबाईल असलेला. त्याला दहा सेकंदांत चकित करायचं असतं. चालवणारा बसलेला असतो, त्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि त्याला चकित व्हायचं नसतं. आमच्या मते सगळी गडबड इथून सुरू होते. डॅशबोर्ड ही न बघता वापरायची वस्तू, आणि आपण तिचं कौतुक करतो ते बघायची वस्तू म्हणून.

हे आजचं नाही. १९५६ साली जनरल मोटर्सनं फायरबर्ड-२ दाखवली, सोबत एक छोटी फिल्म. तिच्यातलं कुटुंब १९७६ सालात गाणी म्हणत, आपोआप चालणाऱ्या गाडीतून जातं. खरं १९७६ उजाडलं तेव्हा लंडनच्या प्रदर्शनात ॲस्टन मार्टिननं लगोंडा मांडली, आकड्यांचा डिजिटल डॅशबोर्ड आणि नुसत्या स्पर्शानं चालणारी बटणं घेऊन. लोक वेडे झाले. गाडी गिऱ्हाइकाच्या हातात पडायला १९७९ उजाडलं, कारण ते इलेक्ट्रॉनिक्स काही केल्या नीट चालेना. १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात बोटानं चालणारा हिरव्या अक्षरांचा पडदा आला. रेडिओ, हवा, सगळं त्यावर. लोकांनी तक्रारी केल्या आणि १९९० च्या मॉडेलमध्ये कंपनीनं तो काढून टाकला. पुढं २०१२ ला टेस्लानं १७ इंचांचा उभा पडदा बसवला आणि सगळे पुन्हा त्याच वाटेला लागले.

आता घरच्या गाड्यांकडं येऊ. एप्रिल २०२२ मध्ये टाटा मोटर्सनं एकाच महिन्यात दोन कॉन्सेप्ट दाखवल्या, कर्व्ह आणि अविन्या. टाटाच्या डिझाइनचं काम पुणे, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री आणि इटलीतलं तुरिन अशा तीन ठिकाणी चालतं. अविन्या ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात धीट भारतीय कॉन्सेप्ट आहे असं आम्हाला वाटतं, आणि ते तिच्या दिव्यांमुळं किंवा दारांमुळं नव्हे. त्यांनी डॅशबोर्डच्या मधोमधचा मोठा पडदाच काढून टाकला. तिथं या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाजाची पट्टी, म्हणजे साउंडबार बसवला. सांगणं असं की माणसानं बोलावं, गाडीनं ऐकावं, डोळे बाहेर राहावेत. सगळं जग पडद्याचे इंच मोजत असताना हे करायला हिंमत लागते. त्याच वर्षी जानेवारीत मर्सिडीजनं ईक्यूएक्सएक्स नावाच्या नमुन्यात ४७.५ इंचांचा अखंड पडदा दाखवला होता.

पुढं काय झालं? कर्व्ह ऑगस्ट २०२४ ला बाजारात आली, वरच्या मॉडेलला १२.३ इंचांचा पडदा घेऊन. अविन्याचं पुढचं रूप २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या प्रदर्शनात दिसलं, पुन्हा कॉन्सेप्ट म्हणूनच. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये तर १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीनं आहेत. एक चालकापुढं, एक मधे आणि तिसरा शेजारच्यासाठी. आमच्याकडच्या काळी-पिवळीत चालकाच्या शेजारी तिघं बसायचे, त्यांनी तो वाटून कसा पाहिला असता कोण जाणे. चेष्टा सोडा. ते काम नेटकं आहे हे कबूल केलं पाहिजे. अक्षरं स्वच्छ आहेत, हालचाल अडखळत नाही, गाडीचे आवाज ए. आर. रहमाननं केलेत. भारतात इतकं घोटून केलेलं काम पूर्वी नव्हतं. तरीही ते मूळ कल्पनेनं अविन्याच्या मागं आहे. त्यात कौशल्य आहे, प्रश्न नाही.

पडदा का जिंकतो याचं कारण सौंदर्यात नाही, हिशोबात आहे. गोल फिरवायचं एक बटण, ज्याला आपण नॉब म्हणतो, ते करायचं तर साचा लागतो, वायर लागते, हजारो वेळा फिरवून चाचणी लागते. जागा बदलायची झाली तर सगळं पुन्हा. पडद्यावर वीस नॉबांची कामं कोंबता येतात आणि गाडी विकायला निघायच्या आदल्या महिन्यातही जागा बदलता येते. शिवाय शोरूममध्ये मोठा पडदा दिसतो. काढून टाकलेला पडदा कसा दिसणार? विक्रेता काय सांगेल, 'साहेब, या गाडीत काय नाही ते बघा'?

त्याची किंमत रस्त्यावर मोजली जाते. २०२२ मध्ये स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या गाड्यांच्या मासिकानं एक साधी परीक्षा घेतली. अकरा नव्या गाड्या आणि २००५ ची एक जुनी व्होल्वो. ताशी ११० किमी वेगानं चालवताना चार कामं करायची. गरमी वाढवणं, रेडिओवर ठरावीक स्टेशन लावणं, ट्रिपचा आकडा शून्यावर आणणं, दिवे मंद करणं, असली. जुन्या व्होल्वोला १० सेकंद लागले, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात शेवटी राहिलेल्या नव्या गाडीला ४४.६ सेकंद लागले, ती १,३७२ मीटर गेली. जवळजवळ दीड किलोमीटर! आपल्याकडं ११० सोडा, ६० च्या वेगाचं बघू. नजर दोन सेकंद पडद्यावर गेली तर गाडी ३३ मीटर पुढं जाते. तेहतीस मीटरमध्ये उमरीच्या रस्त्याला काय काय आडवं येतं ते तुम्हाला आम्ही सांगायला नको.

युरोपनं थोडं मागं वळायला घेतलंय. तिथली युरो एनकॅप ही संस्था गाड्यांना सुरक्षेचे तारे देते. जानेवारी २०२६ पासूनचे तिचे निकष असे की पूर्ण पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीचा कॉल, या पाच गोष्टींना हाताला लागणारं खरं बटण हवं. आपल्या भारत एनकॅपचे तारे २०२३ पासून सुरू झाले, पण ते मुख्यतः धडकेत आतला माणूस किती वाचतो यावर मिळतात. धडक होण्याआधी त्याची नजर कुठं होती हा प्रश्न अजून पुढचा आहे.

आता तुम्हाला एक डॅशबोर्ड दाखवतो. तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. एसटीतल्या कंडक्टरची दोरी. एक घंटी, थांब. दोन घंट्या, चल. संपलं. जुन्या लाल डब्यात ती दोरी छताखालून पार पुढपर्यंत गेलेली असायची. गर्दीत कंडक्टर कुठंही अडकलेला असो, त्याचा हात वर गेला की दोरी सापडायची. ड्रायव्हरला मान वळवायची गरज नाही. वीज नाही, भाषा नाही. कंडक्टर मराठी बोलणारा, ड्रायव्हर घरी तेलुगू बोलणारा, प्रवासी दखनी, तरी डबल बेल सगळ्यांना कळते. मागच्या बाकावरचं पोरगंही डबल बेल ऐकली की खिडकीतून हात आत घेतं. आम्ही पुण्यात ज्या मोठमोठ्या टीममध्ये बसलो तिथं कुणी आम्हाला विचारलं असतं की तुमच्या दृष्टीनं उत्तम इंटरफेस कोणता, तर आम्ही परदेशी गाडीचं नाव घेतलं असतं. डबल बेल आठवलीच नसती, याची आता लाज वाटते.

अविन्याचा विचार डबल बेलच्या जवळचा आहे, नजर न वळवता काम व्हावं असा. पण तो ज्यावर उभा आहे ते म्हणजे बोलणं. आणि बोलणं म्हटलं की प्रश्न येतो, कुणाचं बोलणं?

टाटानं २०२३ मध्ये हॅरियर आणि सफारीत आवाजी हुकूम सहा भाषांत आणले. इंग्रजी, हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू आणि मराठी. म्हणजे धर्माबादच्या दोन्ही भाषा यादीत आहेत. ही मोठी गोष्ट आहे, तिला आम्ही नाकं मुरडणार नाही. पण आपल्याकडचा माणूस बोलतो कसं? 'लई उकडायलंय, एसी कोंचम वाढव की.' यात मराठवाड्याची मराठी आहे, इंग्रजी आहे आणि 'कोंचम' हे तेलुगू, थोडं या अर्थाचं. आपल्या दृष्टीनं हे एक वाक्य आहे, एकाच भाषेतलं, आपल्या. अशा व्यवस्थांत सहसा आधी भाषा निवडावी लागते. धर्माबादच्या माणसानं कोणती निवडायची? बाजार समितीत माल उतरवताना तो एका दमात तीन भाषा बोलतो. त्याला गाडीत बसल्यावर पुण्याच्या बातम्यांसारखं बोलायला लावलं तर तो दोनदा प्रयत्न करेल आणि तिसऱ्यांदा बोटानं पडदा दाबेल. त्या बोटाला मिरची लागलेली असेल किंवा ते कामानं कोरडं, खरखरीत झालेलं असेल. स्पर्शाचे पडदे त्वचेतून जाणाऱ्या बारीक विद्युतभारावर चालतात. घट्टे पडलेलं कोरडं बोट त्यांना नीट कळत नाही. म्हणजे आवाज त्याला ओळखत नाही आणि पडदाही ओळखत नाही. नॉब मात्र कुणाच्याही हातानं फिरतो.

लिहिलेल्या मराठीची कथा तर आम्ही स्वतः भोगली आहे. कंपनीचं नाव घेत नाही, आणि खोट जितकी तिची तितकी आमचीही. पडद्यावरचे शब्द भाषांतराला जातात ते एक्सेलच्या तक्त्यात. एका ओळीत एक इंग्रजी शब्द, तो कुठं दिसणार याचा पत्ता नाही. एकदा तक्ता परत आला तेव्हा गिअरच्या 'पार्क'चं भाषांतर होतं 'उद्यान'. भाषांतर करणाऱ्याची चूक नाही, त्याला गाडी दाखवलीच नव्हती. ते पकडलं. पण 'लेन प्रस्थान चेतावणी' कुणाला खटकलं नाही, ते तसंच पुढं गेलं. ताशी ८० नं चाललेल्या माणसाला हे वाचून काय कळणार? 'गाडी पट्टा सोडतेय' एवढंच म्हणायचं होतं.

पुढं अक्षरांचा घोळ. देवनागरी नुसती अक्षरं ओळीनं लावून होत नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना अक्षराच्या आधी बसते. जोडाक्षरं जुळवावी लागतात. हे काम करणारा सॉफ्टवेअरचा वेगळा भाग असतो. मोबाईलमध्ये तो असतोच. आम्ही जे स्वस्तातलं ग्राफिक्स वापरत होतो त्यात तो नव्हता. परिणाम असा की 'किमी' लिहिलं की वेलांटी 'क' च्या मागं, एका रिकाम्या गोलाला लटकलेली. गाडीच्या पडद्यावर सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द तोच! शिवाय चौकटी इंग्रजीच्या मापाच्या, त्यामुळं उकार खालून कापले जायचे. आम्ही तक्रार केली. उत्तर आलं की ही भाषा निवडणारे फार नाहीत. मोडकी भाषा कोण निवडणार? पुढच्या बैठकीत ती न निवडली जाणं हाच पुरावा म्हणून समोर आला.

यातलं काही कॉन्सेप्टच्या फिल्ममध्ये दिसतं का? नाही. तिथं अक्षरं इंग्रजी, बारीक, राखाडी रंगाची असतात. मे महिन्याच्या दुपारी, काचेतून ऊन थेट पडद्यावर पडत असताना, चाळिशी लागलेल्या माणसानं ती कशी वाचायची हे विचारायला तिथं कुणी नसतं. आणि एक सांगतो. ती फिल्म करणारी, तिचा पुढं कोड लिहिणारी पोरं बाहेरची नाहीत. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी कॉलेजमधून, लातूरच्या कॉलेजांतून शिकून हिंजवडीला गेलेली आपलीच आहेत. घरी 'काय करायलास?' म्हणणारी. कामावर बसली की त्यांच्या डोळ्यांपुढचा ड्रायव्हर मात्र बदलतो. आमच्याही बदलला होता. आमच्या बापानं आयुष्यभर जीप चालवली, पण सहा वर्षांत एकदाही आम्ही त्यांना डोळ्यांपुढं ठेवून एक पान केलं नाही.

म्हणून आमची मागणी लहान आहे. भव्य प्रदर्शनात उभ्या माणसापुढं नमुना मांडायच्या आधी तो एकदा इथं आणा. दुपारी, मिरची बाजाराच्या दिवशी. गाडी उन्हात तासभर उभी करा. आत अशा माणसाला बसवा ज्यानं ती कधी पाहिलेली नाही, आणि त्याला काहीही न शिकवता सांगा की हवा वाढवा, काच पुसा, बासरचा रस्ता विचारा. फक्त त्याची नजर किती वेळा खाली गेली ते मोजा. अविन्यासारखी कल्पना या परीक्षेत कदाचित पहिली येईल, तिला 'कोंचम' कळलं तर. तीन पडद्यांची गाडी काय करेल हे बघायला आम्हाला आवडेल.

मध्यंतरी वडिलांना एका शोरूममध्ये घेऊन गेलो होतो. विक्रेत्यानं पडद्यावर सगळं फिरवून दाखवलं, दिव्यांचे चौसष्ट रंगसुद्धा. वडील शांतपणे बसले. डोळे समोर काचेवर, दोन्ही हात स्टीअरिंगवर, मग डावा हात खाली गेला आणि गुळगुळीत काचेवरून काहीतरी चाचपत राहिला. विक्रेता म्हणाला, 'काका, काय शोधताय?' ते म्हणाले, 'काय नाही, हात ठेवायला जागा बघायलोय.'

मागं काळी टोपीवाल्या मामांनी केव्हाचा हात वर केलाय. विचारा मामा, माईक पाठवतो.